भिंतीवरची जाळी आणि मांजराचं तोंड

दिवाळी आटोपून मुलगी इंदूरला परत गेली, त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मला तो वास पहिल्यांदा आला. दुपारी दुकान बंद करून मी घरी जेवायला बसलो होतो. मांजर नेहमीसारखं मांडीवर चढलं, माझ्याकडे तोंड करून त्याने जांभई दिली आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला. फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदलायचं राहिलं तर येतो तसा वास, आणि त्याच्या खाली काहीतरी मेलेलं.

"बाहेर काहीतरी खाऊन आली ही," बायको म्हणाली. "उतरवा तिला खाली. ताटावर बसलात ना तुम्ही!"

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आम्ही मूळचे निंबोल्याचे, केळी-कपाशीवाले. वडिलांच्या आधीपासून कुणी मांस खाल्लेलं नाही. घरातल्या मांजरानेही दूध-पोळी खावी हे आम्हाला कधी ठरवावं लागलं नाही, ते ठरलेलंच होतं. मग मांजराच्या तोंडाला मांसाचा वास येतो, म्हणजे त्याने मांस खाल्लं, आणि आमच्याकडे मांस नाही, म्हणजे ते शेजारी खाल्लं. एवढा विचार करायला मला पाणी पिण्याइतकाच वेळ लागला. त्याच वेळी ओठ जरा वर करून आत पाहिलं असतं तर हे पुढचं काहीच लिहावं लागलं नसतं. मी पाहिलं नाही.

मांजर मुलीचं. ती शाळेत असताना केळीचे ट्रक भरतात त्या आवारात पानांच्या ढिगात तिला एक पिल्लू सापडलं, ते तिने दप्तरात घालून घरी आणलं. कॉलेजसाठी इंदूरला निघाली तेव्हा बसच्या खिडकीतून मला म्हणाली होती, "पप्पा, मम्मी तिच्यावर चिडते. तुम्ही बघा तिला. पक्का ना?" मी म्हणालो, "हाव, पक्का." ती बस सुटताना मला सगळ्यात जास्त मोठेपणा कशाचा वाटला असेल तर तिने हे काम आईला न सांगता मला सांगितलं याचा.

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे एक बाई एकट्याच राहतात. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. गल्लीत सगळे त्यांना आपा म्हणतात, मीही म्हणतो. त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या दारात गेलो. त्या ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या.

"आपा, आमच्या मांजराला तुम्ही गोश्त घालता का?"

"घालते की. तीन वर्षं झाली. तुम्हाला आज कळलं?"

"आमच्या घरात ते चालत नाही."

"तुम्हाला कुठं वाढते मी, भाई? तिला वाढते." मग हसल्या. "तुमच्या दूध-रोटीवरच राहिली असती तर आतापर्यंत बकरी झाली असती ती."

मला हसू आलं नाही. मी काहीतरी तुटक बोललो. काय ते मला चांगलं आठवतं, पण लिहायची लाज वाटते. घराचा धर्म, शेजारधर्म, असले मोठे शब्द होते त्यात. आपांच्या हातातली सुरी थांबली. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "ठीक है. नाही घालणार. पण एक ऐका. दहा-बारा दिवस झाले, मी खिमा ठेवते, ती येते, वास घेते, तोंड लावते आणि ओरडून मागं सरते. उसको कुछ हो रहा है. दाखवा कुणाला तरी."

"ते आम्ही बघू," मी म्हणालो.

आणि बघितलं काय, तर दुसऱ्याच दिवशी वेल्डिंगवाल्याला बोलावून भिंतीवर दीड हात उंच जाळी बसवून घेतली. मांजर ओट्यावर बसून त्याचं काम बघत होतं. जाळी झाल्यावर ते भिंतीवर चढलं, जाळीला नाक लावून थोडा वेळ उभं राहिलं आणि खाली उतरलं. पलीकडे आपांच्या ताटल्यांचा आवाज येत होता.

जाळी लागली, बाहेरचं खाणं बंद झालं, वास मात्र वाढला. एवढ्यावर तरी डोळे उघडायला हवे होते. पण मी बावीस वर्षं औषधांचं दुकान चालवतो. आमच्या भागात लोक डॉक्टरकडे जायच्या आधी माझ्याकडे येतात. "भैया, मुंह आया है." मी मागे वळतो, ट्यूब काढतो, काउंटरवर ठेवतो. "दादा, तोंडाला वास येतो." पचनाचं चूर्ण आणि गुळण्यांची बाटली. कुणाचंही तोंड उघडून बघायची मला गरज पडलेली नाही. समोरचा बोलतो तेव्हाच माझा हात फळीकडे गेलेला असतो. या हाताचा मला अभिमान होता, हेही आता सांगूनच टाकतो.

तर मांजराला आधी पोटाचं चूर्ण, दुधातून. दूध तसंच राहिलं. मग मोबाइलवर वाचून कोथिंबिरीचं पाणी. ते त्याने माझ्या शर्टावर उडवलं. मग बोटाला फडकं गुंडाळून त्यावर आमचीच टूथपेस्ट. ती मांजराच्या पोटात जाऊ द्यायची नसते, आणि मांजर काही चूळ भरून थुंकत नाही, ही गोष्ट मला दीड महिन्यानंतर कळली. त्या वेळी फक्त मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे आले. बायकोने त्यावर हळद लावली आणि म्हणाली, "लोकांना औषध देता ना तुम्ही? मग एक मांजर ऐकत नाही तुमचं?"

हे मला लागलं. मी चिडलो, बायकोवर नाही, मांजरावर. एवढं करतोय आणि हे तोंड फिरवतं! दुसऱ्या दिवशी मी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून घट्ट धरलं आणि पहिल्यांदा ओठ वर केला. दाढांवर पिवळं-तपकिरी किटण होतं आणि हिरडीची कड कुंकवासारखी लाल. म्हणजे तोंड आलंय, असं मी ठरवलं. उत्तर दुकानात फळीवर तयार होतं. माणसांच्या तोंडात लावायचं जेल.

चार दिवस लावलं. सकाळ-संध्याकाळ. दुसऱ्या दिवसापासून लाळेची तार हनुवटीवरून जमिनीपर्यंत लोंबायला लागली. तिसऱ्या दिवशी उलटी झाली. मांजर कपाटाखाली जाऊन बसलं आणि माझ्या पायांचा आवाज ऐकला की आणखी आत सरकायचं. मी बायकोला म्हणालो, "औषध लागतंय तिला. घाण बाहेर पडतेय." हे वाक्य मी गिऱ्हाइकांना अनेकदा ऐकवलं आहे.

त्याच दिवसांत मुलीचा व्हिडिओ कॉल आला.

"पप्पा, माऊ दाखवा ना."

मी मोबाइल कपाटाखाली नेला. अंधारात दोन डोळे दिसले.

"तिथं काय करते ती?"

"थंडी आहे ना बेटा. कोपरा धरून बसली."

"जेवते ना?"

"मस्त."

"पप्पा, सच्ची?"

"अरे हाव, सच्ची."

बायको दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. म्हणजे तेव्हाही मी दुसऱ्याच्याच तोंडाकडे बघत होतो.

पाचव्या दिवशी मांजराला टॉवेलात गुंडाळून, केळीच्या कॅरेटमध्ये घालून मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे एक म्हैस आणि दोन शेळ्या आमच्या पुढे होत्या. डॉक्टर हात धुऊन आले आणि टॉवेल पुरता सोडायच्या आधीच म्हणाले, "बाप रे. ये तो दूर से ही बता रही है." त्यांनी दोन बोटांनी ओठ उचलला. दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत.

"दात सडलेत हिचे. हिरड्या बघा. इथं पू आहे." ते हिंदीत बोलत होते, मी समजेल तसं लिहितो आहे. तोंडाला वास येतो तो बहुतेक वेळा तोंडातूनच, दात नाहीतर हिरड्या. पण लघवीसारखा वास असला तर किडनी बघावी लागते, गोडसर असला तर साखर. म्हणून रक्त तपासायला हवं. आणि दातांची सफाई मांजराला भूल देऊनच होते. "माझ्याकडे सामान गाई-म्हशींचं. इतक्या छोट्या तोंडाचं काम इंदूरला होईल." त्यांनी दुखण्याचं आणि जंतूंचं इंजेक्शन दिलं आणि लिहिता लिहिता विचारलं, "घर पे कुछ लगाया था?"

"नहीं," मी म्हणालो.

हे खोटं मी का बोललो याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. बाहेर स्कूटर पुसणारा ओळखीचा माणूस होता, मला सगळे औषधवाला म्हणून ओळखतात, हे एक कारण. पण खरं कारण त्याहून लहान आहे. मला ओरडा खायचा नव्हता. पन्नाशीला आलेला माणूस, आणि मला ओरडा खायचा नव्हता.

इंजेक्शनने चार-पाच दिवस बरं गेलं. मांजराने दूध चाटलं. मी स्वतःला म्हटलं, बघ, उतरतंय. इंदूर म्हणजे मुलगी. इंदूरला जाऊन तिला न कळवता परत येणं शक्य नव्हतं, आणि कळवायचं म्हणजे दिवाळीपासूनचं सगळं कळवायचं. मग तिची परीक्षा आहे, आत्ता डोक्याला ताप नको. मग थंडी फार आहे, बसमध्ये मांजर गारठेल. मग दुकानात सर्दी-खोकल्याची गर्दी आहे. अशी तीन आठवडे कारणं सापडत गेली. प्रत्येक कारण खरं होतं, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

वास परत आला, आणि आता मांजर अंगही चाटेना. पाठीवरचे केस चिकटून त्यांच्या वाती झाल्या. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आलो तर बायको स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. जी बाई मांजराला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हती ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलेली. मध्ये दुधाची वाटी. मांजर वाटीवर मान झुकवून बसलं होतं. पीत नव्हतं. जीभ बाहेर काढायचं, दुधाला टेकवायचं आणि मान झटकून पुन्हा तसंच बसायचं.

"तासाभरापासून असंच चाललंय," बायको म्हणाली. "ही भुकेली आहे हो. उद्या सकाळी घेऊन जा तिला. मी काही इतकी वाईट नाही."

"मी म्हटलं का तसं?"

"तुम्ही कुठं काय म्हणता? म्हणत नाही तेच तर आहे ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन कॅरेट तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधले, आत जुनी गोधडी, त्यात मांजर, आणि इंदूरची बस. खिडकी उघडी ठेवावी तर गारठा, लावून घ्यावी तर वास. पुढच्या सीटवरच्या एका बाईंनी पदर नाकाला लावला. शेजारचा माणूस कॅरेटकडे बघून म्हणाला, "भो, केळी जास्तच पिकली का काय?" सगळे हसले. कॅरेटमधून बारीक ओरडणं आलं तसा तोच माणूस खाली वाकला, आत पाहिलं आणि सरळ झाला. "मांजर आहे का! अरे रे. मग उघडा की खिडकी, आम्ही शाल घेतो." त्याने खरंच खिडकी उघडली. आणि मी रस्ताभर त्याच्यावर चिडून होतो. माझ्या मांजराची कीव मी सोडून सगळ्यांना येत होती.

इंदूरला उतरल्यावर बसस्टँडवरूनच मुलीला फोन केला. म्हटलं, "बेटा, मी आलोय. माऊला घेऊन." ती एवढंच म्हणाली, "कुठं नेताय ते सांगा. मी येते."

दवाखान्यातल्या डॉक्टर बाई इंदूरच्याच मराठी घरातल्या, माझ्या मुलीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या. आम्ही टेबलापाशी उभे होतो तेव्हा मुलगी धापा टाकत आत आली. तिने मला नमस्कार वगैरे केला नाही. थेट मांजराकडे गेली. मांजराने डोळे उघडले, तिच्या हाताचा वास घेतला, आणि तिने मान खाली नेऊन त्याच्या तोंडाचा. तिचा चेहरा बदलला, पण तिने डोकं मागे घेतलं नाही. मी दोन महिने मागे घेत होतो.

"कधीपासून, पप्पा?"

मी बोलायच्या आत डॉक्टर बाई म्हणाल्या, "काका, आधी माझं. हिला भूल द्यायची आहे. आतापर्यंत काय काय दिलंय ते सगळं सांगा. लपवू नका, औषधाला औषध भिडतं कधीकधी. घरचं, बाहेरचं, काहीही."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मांजराचा पंजा तिच्या बोटात होता. पुन्हा "नाही" म्हणणं अगदी सोपं होतं, आणि आता त्या "नाही"चा अर्थ काय होऊ शकतो तेही मला कळत होतं. औषधवालाच आहे मी.

मी सांगितलं. चूर्ण. कोथिंबीर. टूथपेस्ट. मग जेलचं नाव, किती दिवस, दिवसातून किती वेळा. सरकारी डॉक्टरांना हे सांगितलं नव्हतं, हेही. शेजारी खिमा मिळत होता तो मी बंद केला, जाळी लावली, त्यानंतर दूध आणि पोळीच, हेही. डॉक्टर बाई लिहीत होत्या. जेलपाशी त्यांचं पेन थांबलं.

"काका, त्यात ॲस्पिरिनच्या घराण्यातलं औषध असतं. मांजराच्या शरीरातून ते निघता निघत नाही. मोठ्या माणसाला चालतं ते हिला नाही चालत." त्या शांतपणे बोलत होत्या. "दिवस बरेच गेलेत, तरी आज आधी रक्त बघते. किडनी ठीक असेल तरच पुढे जाऊ."

"पप्पा," मुलगी म्हणाली, "मैं रोज पूछती थी." रागावली की ती हिंदीत जाते. "रोज विचारायची मी. तुम्ही म्हणायचे, मस्त."

"हो."

"मस्त?"

मी पुन्हा हो म्हणालो.

किडनी ठीक निघाली. साखरही. हे माझ्यामुळे नव्हे, मांजराच्या नशिबाने. संध्याकाळपर्यंत पुढचे चार सुळे सोडून जवळपास सगळे दात काढावे लागले. डॉक्टर बाईंनी ते एका छोट्या स्टीलच्या ताटलीत दाखवले. तांदळापेक्षा थोडे मोठे, मुळापाशी काळे. दोन महिने या दातांनी ते चावायला बघत होतं. पुढचं सगळं त्यांनी मुलीला समजावलं, मला नाही. मऊ मांसाचं खाणं, कारण दूध-पोळीवर मांजराचं शरीर चालत नाही. महिन्याने पुन्हा तपासणी. हिरड्या भरल्या की उरलेल्या दातांना मांजरांसाठीचीच पेस्ट, रोज, हळूहळू सवय लावून. आणि वास परत आला तर घरी काहीही न लावता आधी फोन.

दुसऱ्या दिवशी निघायची वेळ आली तेव्हा खरी अडचण समोर आली. मुलीच्या खोलीवर मांजर चालत नाही. मालकीणबाईंना तिने विचारून पाहिलं होतं. रात्री माझ्याशी ती मोजून तीन-चार वाक्यं बोलली असेल. बसस्टँडवर ती कॅरेट धरून उभी राहिली. बस लागली तरी देईना.

"दुसरा ऑप्शनच नाही माझ्याकडे," ती म्हणाली. मला नाही, कॅरेटला म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "ती जाळी काढा. आपांना सॉरी म्हणा. आणि मला सांगू नका ती कशी आहे ते. मला फोटो पाठवा. तोंडाचा. उघडून."

घरी आलो तशी मी स्वतः पान्याने जाळी काढायला घेतली. दोन बोल्ट गंजले होते, ते निघेनात, मी हातोडीने ठोकत होतो. आवाजाने आपा पलीकडे अंगणात आल्या.

"आता काय, भाई? आणखी उंच करताय?"

मी खाली उतरलो, वळसा घालून त्यांच्या दारात गेलो आणि जे बोलायचं होतं ते बोललो. नीट जमलं नाही. मध्येच त्या म्हणाल्या, "बस, बस. किती दात राहिले?"

"चार."

"मग खिमा दोनदा वाटायला लागेल." आणि आत जाता जाता, "मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतं."

"हां. एवढं म्हणा फक्त."

आता मांजर दिवसातून दोनदा भिंत ओलांडतं. बायको त्याच्या पंज्यांसाठी उंबऱ्याशी एक ओलं फडकं ठेवते, बाकी काही म्हणत नाही. दुकानात कुणी तोंड आल्याचं सांगितलं तर मी टॉर्च काढतो आणि म्हणतो, दाखवा. लोक वैतागतात. परवा एक बाई म्हणाल्या, "औषध द्यायचं तर द्या, नाहीतर पुढच्या दुकानात जाते." आणि गेल्या. त्यांच्या तोंडात काय होतं ते मला कळलं नाही.

रविवारी सकाळी मी मांजराला मांडीवर घेतो, एका हाताने ओठ वर करतो, दुसऱ्या हाताने फोटो काढतो. तीन-चार फोटो हलतात, मग एक बरा येतो. हिरड्या फिक्या गुलाबी दिसतात. मी नाक जवळ नेऊन वासही घेतो. थोडासा मांजराचा वास, थोडा खिम्याचा. खाली लिहावंसं वाटतं की ठीक आहे, जेवते, अंगही चाटते. पण मी काही लिहीत नाही, फक्त फोटो पाठवतो. तिकडून एका शब्दाचं उत्तर येतं. मागच्या रविवारी आलं, "डावी बाजू?" मी पुन्हा मांजर पकडायला उठलो.